शरणागत श्वान आणि गृहस्थाचा धर्म

श्रीमद्भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायातील अठरावा श्लोक बहुतेक गीतापाठकांना मुखोद्गत असतो. ज्ञानी पुरुषाची ओळख सांगताना भगवंतांनी तेथे पाच नावे घेतली आहेत : विद्या व विनय यांनी संपन्न ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने दूर लोटलेला श्वपाक. या पाचांच्या ठिकाणी ज्याची दृष्टी सम असते, तो पंडित. पाठ करताना पहिली तीन नावे मनाला सुखावतात. ब्राह्मणाला वंदन करणे, गाईला घास घालणे, गणरायाचे स्मरण करून हत्तीपुढे हात जोडणे, यांत गृहस्थाला काहीच जड जात नाही. चौथ्या नावापाशी मात्र जीभ पुढे जाते आणि मन मागे राहते. ज्याला दारातून हाकलून देण्याचीच सवय, त्याचे नाव भगवंतांनी याच पंक्तीत का घ्यावे?

प्रस्तुत लेखात या चौथ्या नावाचा विचार करावयाचा आहे. तोही केवळ शब्दार्थाच्या अंगाने नव्हे, तर आज गृहस्थापुढे उभ्या असलेल्या एका प्रत्यक्ष कर्तव्याच्या अंगाने. रस्त्यावरून उचलून आश्रयगृहात ठेवलेला बेवारस कुत्रा घरी आणावा काय, आणावयाचा तर कोणत्या बुद्धीने, आणि आणल्यावर कोणता भार शिरावर येतो, हे येथे क्रमाने पाहावयाचे आहे.

समदर्शन म्हणजे काय?

या श्लोकाचा अर्थ लावताना दोन टोकांच्या चुका होतात. एक पक्ष म्हणतो, सर्वांशी एकसारखे वागणे म्हणजेच समता. दुसरा म्हणतो, ही ज्ञान्याची अवस्था आहे, संसारी माणसाला तिच्याशी काय कर्तव्य? पहिल्या पक्षाला परंपरेने दिलेले उत्तर असे की, श्लोकात दर्शन सम सांगितले आहे, वर्तन नव्हे. गाईपुढे गवत ठेवावयाचे आणि कुत्र्यापुढे भाकरी, यात विषमता नाही. ज्याला जे हितकर ते त्याला देणे, हेच समदृष्टीचे फळ होय. दुसऱ्या पक्षाला उत्तर सहाव्या अध्यायात आहे. तेथे सुखदुःखाच्या बाबतीत दुसऱ्या जीवाला स्वतःच्या उपमेने पाहणाऱ्या योग्याला श्रेष्ठ म्हटले आहे. ऊन, भूक, तहान आणि भय ही कुत्र्यालाही आपल्यासारखीच जाणवतात, एवढे ओळखण्यास समाधी लागत नाही. साधकाचा आरंभ येथूनच होतो.

महाभारताच्या दोन टोकांचे दोन श्वान

ज्या ग्रंथात गीता आली, त्या महाभारतात कथेच्या आरंभी एक कुत्रा आहे आणि शेवटाजवळ दुसरा. आदिपर्वात जनमेजयाच्या सत्रात सरमेचे पिल्लू येते. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावलेले नसते, त्याकडे पाहिलेलेही नसते. तरी राजाचे भाऊ त्याला मारतात. सरमा येऊन विचारते, माझ्या मुलाचा अपराध काय? तिला कोणी उत्तर देत नाही. तेव्हा राजावर अकल्पित भय येईल, असा शाप ती देते. निरपराध प्राण्याला मारणे ही यज्ञमंडपातही क्षम्य गोष्ट ठरली नाही.

महाप्रस्थानिक पर्वातील प्रसंग सर्वश्रुत आहे. परंतु त्यातील युक्तिवाद मन लावून वाचला जात नाही. द्रौपदी व चारही भाऊ वाटेत पडल्यावर युधिष्ठिराबरोबर हस्तिनापुरापासून निघालेला कुत्रा तेवढा उरतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोडून वर चढण्यास सांगतो. इंद्राचा पहिला आक्षेप शुद्धीचा आहे : कुत्रे बाळगणाऱ्यांना स्वर्गात स्थान नाही. दुसरा आक्षेप अधिक मर्मभेदी आहे : भाऊ सोडलेस, पत्नी सोडलीस, मग हा कुत्रा का सुटत नाही? युधिष्ठिर सांगतो, ते मृत झाले होते, त्यांना जिवंत करणे माझ्या हाती नव्हते. जिवंत असताना मी त्यांना सोडले नाही. शरणागताला शत्रूच्या हाती देणे, स्त्रीवध, ब्राह्मणाच्या धनाचे हरण आणि मित्रद्रोह या चार पातकांच्या तोडीला तो एकट्या भक्तत्यागाला बसवतो.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. हा कुत्रा म्हणजे साक्षात धर्म आहे, हे युधिष्ठिराला ठाऊक नव्हते. त्याच्या दृष्टीने तो साधा कुत्राच होता. आणि तो कुत्रा आपण होऊन मागे आला होता, युधिष्ठिराने त्याला आणले नव्हते. जो केवळ मागे आला त्याचा त्याग जर एवढा सदोष, तर जो आपण होऊन निवडून, नाव ठेवून घरी आणला, त्याचा त्याग किती सदोष असेल?

आश्रयगृहे आणि कायदा

बेवारस जनावरांची सोय लावणे ही भारतात नवी गोष्ट नाही. मुंबईत जनावरांवरील क्रौर्य रोखणारी संस्था 1874 मध्ये निघाली आणि परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय 1883 मध्ये सुरू झाले. चेन्नईत 1959 मध्ये ब्लू क्रॉस ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. रस्त्यावरील कुत्र्यांना मारून टाकण्याऐवजी त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना पुन्हा जागेवर सोडावे, हा मार्ग तिने 1964 पासून पुढे मांडला. पुढे 2001 च्या व त्यानंतर 2023 च्या केंद्रीय नियमांत हीच पद्धत स्वीकारली गेली.

1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे परिश्रम होते. उपाशी व तहानलेला राहील अशा स्थितीत जनावर सोडून देणे, हा त्या कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे अपराध आहे. युधिष्ठिराने ज्याला पातक म्हटले, त्याला कायद्याने गुन्हा म्हटले. 1976 च्या घटनादुरुस्तीने तर सजीवांविषयी दया बाळगणे हे नागरिकाच्या मूलभूत कर्तव्यांत घातले.

2025 मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात ऐरणीवर आला. 11 ऑगस्ट रोजी दिल्ली व आसपासच्या शहरांतील सर्व भटके कुत्रे आश्रयगृहांत नेण्याचा आदेश झाला. 22 ऑगस्ट रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला : निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडावेत, पिसाळलेले व आक्रमक मात्र सोडू नयेत. त्याच आदेशात, कुत्रा दत्तक घेऊ इच्छिणाऱ्याने नगरसंस्थेकडे अर्ज करावा आणि तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी स्वतः घ्यावी, असे सांगितले गेले. 7 नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्रे हलवून आश्रयगृहांत ठेवण्यास सांगण्यात आले. कुत्र्यांच्या बाजूने वा विरुद्ध कोणी काहीही म्हणो, एवढे खरे की, आश्रयगृहातील कुत्र्याला घर देणारा गृहस्थ दोन्ही पक्षांचे काम करतो. रस्ता निर्भय होतो आणि जीवही वाचतो.

आणण्यापूर्वीचा विचार

दया उसळून येते तेव्हा विचार मागे पडतो. कुत्र्याचे आयुष्य सामान्यतः दहा ते चौदा वर्षांचे असते. म्हणून गृहस्थाने आधी पुढील प्रश्न स्वतःला विचारावेत. घरातील सर्वांची, विशेषतः वृद्ध मातापित्यांची, संमती आहे काय? भाड्याचे घर असल्यास मालकाशी बोलणे झाले आहे काय? बदलीची नोकरी असेल तर दुसऱ्या गावी त्याला बरोबर नेता येईल काय? यात्रेला किंवा लग्नकार्याला गेल्यावर त्याच्याकडे कोण पाहील? लस, औषध व अन्न यांचा दरमहाचा खर्च झेपेल काय? यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर डळमळीत असेल तर थांबावे. आज घरी आणून वर्षाने परत करणे, यापेक्षा न आणणे अधिक धर्म्य आहे. कारण घर पाहिलेला कुत्रा पुन्हा पिंजऱ्यात गेला म्हणजे त्याचे दुःख दुणावते.

आश्रयगृहात एकदाच जाऊन गोंडस पिल्लू उचलू नये. दोनतीन वेळा जावे, सेवकांकडून प्रत्येकाचा स्वभाव जाणून घ्यावा. पिलांना घरे लवकर मिळतात; मोठी, एका डोळ्याने अधू अथवा तीन पायांची कुत्री मागे राहतात. घरात लहान मुले किंवा वृद्ध असतील तर शांत स्वभावाचे प्रौढ कुत्रे पुष्कळदा अधिक सोयीचे पडते. निर्बीजीकरण व लस झाल्याची नोंद मागून घ्यावी आणि आपल्या नगरपालिकेत नोंदणी करावी.

आणल्यानंतरचे दिवस

गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे भेद सांगितले आहेत. जे आरंभी विषासारखे व परिणामी अमृतासारखे, ते सात्त्विक. जे आरंभी अमृतासारखे व परिणामी विषासारखे, ते राजस. हौस म्हणून आणलेल्या पिलाचे सुख बहुधा दुसऱ्या प्रकारचे असते. आश्रयगृहातून आणलेल्या कुत्र्याचे सुख पहिल्या प्रकारचे. तो पहिले काही दिवस खाटेखाली दडून बसतो, अन्नाला तोंड लावत नाही, काठी किंवा केरसुणी दिसली की थरथरतो, घरात घाण करतो. ज्याने मारच खाल्ला आहे त्याला उगारलेला हात आणि कुरवाळणारा हात यांतील भेद लगेच कळत नाही. अशा वेळी त्याच्याभोवती माणसे जमवू नयेत. एक कोपरा त्याचा ठरवावा, तेथे पाणी ठेवावे, अन्नाची व बाहेर नेण्याची वेळ चुकवू नये. बाहेर नेताना पट्टा घट्ट धरावा. नवा कुत्रा घाबरून पळाला तर त्याला घर सापडत नाही. दिवसभर साखळीला मात्र बांधून ठेवू नये. विश्वास बसण्यास काही आठवडे, क्वचित काही महिने लागतात.

अन्नाविषयी घरोघर गैरसमज आहेत. केवळ दूध-पोळीवर कुत्र्याचे पोषण होत नाही, आणि पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचतही नाही. काय द्यावे हे पशुवैद्याला विचारावे. कांदा, द्राक्षे, बेदाणे व चॉकलेट त्याला अपायकारक आहेत. म्हणून प्रसादाचा शिरा प्रेमाने दिला तरी त्यातील बेदाणे बाधतात. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने कुत्रे भ्यायल्यामुळे पळून जातात; त्या रात्री त्याला आतल्या खोलीत ठेवून कोणीतरी जवळ बसावे.

शंका व समाधान

शंका : कुत्रा अशुचि मानला आहे. देवघर व स्वयंपाकघर असलेल्या घरात तो कसा राहावा?

समाधान : ज्या स्मृतींनी शौचाचे नियम सांगितले, त्यांनीच पंचमहायज्ञांतील भूतयज्ञात कुत्र्यासाठी अन्न काढून ठेवावयास सांगितले, तेही फेकून नव्हे, हळुवारपणे भूमीवर ठेवावे, असे मनुस्मृती म्हणते. शौच आणि दया यांत विरोध नाही. देवघराची व चुलीची मर्यादा त्याला शिकवता येते आणि तो ती लवकर शिकतो. सोवळे पाळणाऱ्या आजीचा मान राखावा. जागा वेगळी असावी, जिव्हाळा वेगळा नसावा.

शंका : कुत्रा चावतो, पिसाळतो. मुलाबाळांच्या घरात हे संकट का आणावे?

समाधान : भय खोटे नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या श्वानाचे शेपूट, जबडा व खांदे गळालेले असतात, तोंडातून लाळ वाहते, असे वर्णन आहे. आणि दंश झालेल्याला पाण्याचे भय वाटू लागले म्हणजे तो वाचत नाही, असेही सांगितले आहे. आजही लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग बहुधा प्राण घेतल्यावाचून राहत नाही. परंतु लस वेळेवर दिल्यास तो टळतो. म्हणून कुत्र्याला ठरलेल्या वेळी लस देणे हा दयेचाच भाग होय. लस न देता पाळणे ही शेजाऱ्यावरील हिंसा होय. कोणताही कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद, चुना, तिखट यांपैकी काही लावू नये, आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन पुढील सर्व मात्रा पुऱ्या कराव्यात. तो जेवत अथवा झोपलेला असता त्याला छेडू नये, हे मुलांना शिकवावे.

शंका : माणसे उपाशी असताना कुत्र्यावर खर्च करणे योग्य काय?

समाधान : पंचमहायज्ञांत मनुष्ययज्ञ आणि भूतयज्ञ हे दोन्ही आहेत. एक केला म्हणून दुसरा सुटत नाही. बहुधा असे दिसते की, ज्या घरातून कुत्र्याला भाकरी मिळते, त्या घरातून भिकारीही रिकाम्या हाताने जात नाही.

शंका : घरी आणणे शक्यच नसेल तर?

समाधान : मग आश्रयगृहाला धान्य, औषधाचा खर्च, जुन्या चादरी द्याव्यात, रविवारी जाऊन कुत्र्यांना फिरवून आणावे, एखाद्या आजारी पिलाला बरे होईपर्यंत सांभाळावे. जेवढे निभावेल तेवढेच पत्करावे, आणि पत्करलेले निभवावे.

सारांश

कुत्रा घरी आणणे हे प्रत्येकाचे कर्तव्य नाही. परंतु आणल्यावर त्याला अखेरपर्यंत न सोडणे हे आणणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे. तो म्हातारा होईल, त्याला दिसेनासे होईल, रात्री उठून त्याला अंगणात न्यावे लागेल; त्या वेळी घरात कोणीतरी इंद्राचेच शब्द बोलेल की, आता याला सोडून द्या. तेव्हा युधिष्ठिराने दिलेले उत्तर गृहस्थाने आठवावे आणि उठून त्याच्या भांड्यात पाणी घालावे.