४०३ आली की आधी लॉग उघडा

१. काय अडतं आणि काय जातं, हे आधी बघावं. २०२३च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला आणि पांढुर्णा-सौंसरच्या दुकानदारांना साइटवरचा पत्ता बदलून हवा होता. एका संत्रा व्यापाऱ्याचा फोन आला, "भाऊ, छिंदवाडा जाऊनच नाही राहिला." साधं पान सेव्ह होत होतं; पत्ता मात्र फूटरच्या फाइलीत होता, आणि त्यात पीएचपीचा कोड. ती सेव्ह केली की ४०३ ही 'मनाई'ची त्रुटी. म्हणजे पासवर्ड ठीक, सर्व्हर चालू. कोडचा मजकूर पाहून वाटेतच कोणीतरी अडवत होतं.

२. ते कोण, हे लॉग सांगतो. बऱ्याच सर्व्हरांवर मॉडसिक्युरिटी ही वेब फायरवॉल आणि तिच्यासोबत ओवॅस्पचा नियमसंच असतो. नोंदीत नियमाचा क्रमांक मिळतो. तिथे ९४९११० दिसला की लोक तोच बंद करतात, आणि इथेच घात होतो. तो नियम फक्त गुणांची बेरीज पाहतो: गंभीर नियमाला ५ गुण, मर्यादाही मुळात ५. तो काढला तर सगळाच पहारा उठतो. खरा नियम त्याच्या वरच्या ओळींत असतो. पीएचपीच्या टॅगसाठी ९३३१००.

३. मराठी साइट असेल तर कडकपणाची पातळी विचारावीच. या नियमसंचात ४ पातळ्या आहेत. तिसरीपासून ९२०२७२ हा नियम लागू होतो आणि तो साध्या इंग्रजी चिन्हांपलीकडचा, १२७च्या वरचा प्रत्येक बाइट संशयित धरतो. देवनागरीचे सगळेच बाइट १२७च्या वरचे! 'संत्रा' एवढासा शब्द यूटीएफ-८मध्ये १८ बाइटांचा होतो. आमच्याकडे सरकारी कागद हिंदीत आणि घरातलं बोलणं मराठीत, पण लिपी एकच. त्यामुळे हा एक नियम दोन्ही भाषा अडवतो. ग्राहकाने चौकशीच्या फॉर्ममध्ये स्वतःचं नाव मराठीत लिहिलं तरी ४०३! आपल्या भाषेत नाव लिहिणाऱ्याला हल्लेखोर ठरवणारी सुरक्षा मला मान्य नाही. अशा साइटवर पातळी उतरवावी, नाहीतर हा नियम काढावा.

४. होस्टिंगवाल्याला "साइट चालत नाही" असं कळवून काही हाती लागत नाही. वेळ, पानाचा पत्ता आणि आपला आयपी द्यावा, नियमाचा क्रमांक मागावा. "सर, मॉडसिक्युरिटी पूर्ण बंद करून देतो," असं उत्तर आलं तर ठाम नकार द्यावा.

५. अपवाद एका नियमाचा, एका पानापुरता असावा. तो नियमसंचाच्या मूळ फाइलीत लिहू नये, अपडेट आलं की पुसला जातो; अपवादांसाठी वेगळी फाइल असते. मग दोन गोष्टी तपासाव्यात: फूटर सेव्ह झाला पाहिजे, आणि साइटच्या शोधपेटीत पीएचपीचा टॅग टाकला तर ४०३च आली पाहिजे. ती आली नाही तर अपवाद नको तितका पसरलाय. त्यातला पानाचा पत्ता पुन्हा बघावा.