मुलांचे वर्तन आणि पालकांची शिस्त

सहा-सात वर्षांचे मूल रात्री अंथरूण ओले करते. सकाळी आई चिडते, वडील दोन चापट्या लगावतात, आणि आजी त्या ओल्या गोधडीचा उल्लेख शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात करते. आपण काही वावगे करीत आहोत असे घरातील कोणालाही वाटत नाही. मुलाला वळण लावणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्यच मानले जाते. मानसशास्त्राचा प्रश्न मात्र येथूनच सुरू होतो. वळण नाही म्हणून मूल अंथरूण ओले करते काय? माराने ते थांबते काय? आणि थांबत नसेल, तर त्या माराचे पुढे काय होते? अशा प्रश्नांची उत्तरे शोधताना दीर्घकाळ पाश्चात्त्य ग्रंथांचाच आधार घ्यावा लागत असे; भारतातील घरोघर जाऊन, मुलांना प्रत्यक्ष पाहून मिळवलेली माहिती फार थोडी होती. ती जेथून मिळू लागली अशा मोजक्या ठिकाणांत बंगळूरचे स्थान वरचे आहे.

बंगळूर येथे १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. १९७४ साली ही संस्था व तेथील मनोरुग्णालय एकत्र होऊन राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था, म्हणजेच ‘निमहान्स’, अस्तित्वात आली. मुलांच्या मानसिक अडचणींवर तेथे अनेक दशके उपचार होत आले आहेत. परंतु रुग्णालयात येणारी मुले म्हणजे समाजातील सर्व मुले नव्हेत. ज्या मुलाचा उपद्रव घराला किंवा शाळेला सोसवेनासा होतो, ज्याच्या आईबापांना बसभाडे आणि दिवसाचा रोज बुडवणे परवडते, तेच मूल तेथवर पोहोचते. उरलेल्या मुलांचे काय, हे कळण्यासाठी संशोधकांनाच उंबरठा ओलांडून बाहेर पडावे लागते.

अशी एक पाहणी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने बंगळूरमध्ये झाली. शोभा श्रीनाथ, सतीश गिरिमाजी आणि त्यांचे सहकारी यांनी तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध केले. शहरातील मध्यमवर्गीय वस्ती, शहरातीलच झोपडवस्ती आणि ग्रामीण भाग अशा तीन ठिकाणची जन्मापासून सोळा वर्षांपर्यंतची २,०६४ मुले या पाहणीत होती. प्रथम सर्वांची ढोबळ चाचणी आणि नंतर सविस्तर तपासणी, असे तिचे दोन टप्पे होते. दर शंभर मुलांपैकी साडेबारा, म्हणजे आठांत एक मूल, कोणत्या ना कोणत्या मानसिक वा वर्तनविषयक अडचणीत असल्याचे आढळले.

तीन वस्त्यांमधील प्रमाणांत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. हा निष्कर्ष थोडा थांबून वाचण्यासारखा आहे. झोपडपट्टीतील मूल बिघडलेले, खेड्यातील मूल निरोगी आणि सुशिक्षितांचे मूल सुरक्षित, असे जे एक चित्र आपल्या बोलण्यात नेहमी असते त्याला या आकड्यांचा आधार मिळत नाही. गरिबीचा मुलांच्या वाढीवर परिणाम होतोच. पण निदान ही पाहणी तरी, केवळ पत्त्यावरून मुलाचे मन ओळखता येत नाही, असे सांगते. दोन गोष्टींचा संबंध मात्र स्पष्टपणे पुढे आला. ज्या मुलांना घरात शारीरिक छळ सोसावा लागत होता, आणि ज्यांच्या आईला वा वडिलांना स्वतःलाच मानसिक आजार होता, त्या मुलांत अशा अडचणी अधिक होत्या.

‘मानसिक अडचण’ या शब्दाने वाचकाने दचकून जाऊ नये. या सदरात निरनिराळ्या वजनाच्या गोष्टी एकत्र येतात. चार ते सोळा वर्षांच्या मुलांत अंथरुणात लघवी होणे, एखाद्या विशिष्ट गोष्टीची अवास्तव भीती, अतिचंचलता, अडखळत बोलणे आणि सतत विरोध करण्याची वृत्ती या गोष्टी अधिक आढळल्या. त्यांच्यामुळे रोजच्या जीवनात लक्षणीय अडथळा येत होता अशा मुलांचे प्रमाण या वयोगटात ५.३ टक्के होते. आपल्या मुलाला काही अडचण आहे, याची जाणीव मात्र अवघ्या ३७.५ टक्के कुटुंबांना होती. उरलेल्यांच्या लेखी ते मूल हट्टी, आळशी, भित्रे किंवा द्वाड एवढेच असावे. अडचणीला नाव मिळाले नाही की तिला स्वभाव म्हटले जाते, आणि स्वभाव सुधारण्याचे साधन म्हणून छडी हाताशी असतेच.

मूल वयाच्या मानाने मागे आहे की नाही, हे ठरवण्यासाठी मोजपट्टी लागते. आणि ती परकी असेल तर मोजमाप चुकते. अमेरिकेतील व्हाइनलँड येथे एडगर डॉल यांनी १९३५ साली मुलांच्या सामाजिक परिपक्वतेची मापिका तयार केली. सुरीने पावावर लोणी पसरता येणे ही तीत सहा-सात वर्षांच्या मुलाची एक कसोटी होती. भात हाताने कालवून जेवणाऱ्या घरात त्या कसोटीला काय अर्थ? नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रातील ए. जे. मालिन यांनी या मापिकेला भारतीय रूप दिले, आणि ते देशभरातील चिकित्सालयांत रूढ झाले.

अगदी लहान, म्हणजे तीन वर्षांपर्यंतच्या मुलांत जे आढळले ते तर अधिक बोलके आहे. रडता रडता श्वास कोंडून धरणे, माती वा खडू खाणे, बोलणे उशिरा येणे आणि बौद्धिक विकास मंद असणे या त्यांच्या प्रमुख तक्रारी होत्या. यांपैकी पहिली पाहा. खेळणे काढून घेतले की मूल रडू लागते, रडण्याच्या भरात श्वास अडकतो, ओठ निळे पडतात आणि क्षणभर ते निपचित होते. पाहणाऱ्याच्या काळजाचे पाणी होते. दोन-चारदा असे झाले की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, हे शुद्ध नाटक आहे. एक धपाटा घाला, ताळ्यावर येईल. दुसरा म्हणतो, मागेल ते द्या, पण त्याला रडवू नका. वस्तुतः हे झटके मूल जाणूनबुजून आणीत नाही. साधारण सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत ते अधिक असतात आणि पाच-सहा वर्षांपर्यंत बहुधा आपोआप थांबतात. लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या रक्तक्षयाशी त्यांचा संबंध आढळला आहे, आणि अशा मुलांना लोहाचे औषध दिल्यास झटके कमी होतात. माती खाण्याचाही लोहाच्या कमतरतेशी संबंध वारंवार दिसून आला आहे. म्हणजे ज्याला दोन्ही पक्ष हट्ट समजत होते त्याचे मूळ निदान काही मुलांच्या बाबतीत रक्तात होते. झटका आला असता मुलाला कुशीवर निजवावे, त्याच्या तोंडात काही घालू नये आणि पाणी शिंपडू नये. झटका ओसरल्यावर त्याला शांतपणे जवळ घ्यावे. पण नाकारलेली वस्तू झटका आला म्हणून हाती देऊ नये. पहिल्या झटक्यानंतर मात्र डॉक्टरांकडून तपासणी करून घेणे आवश्यक आहे, कारण अपस्मारादी रोग वरवर असेच दिसू शकतात.

अंथरूण ओले होण्याचीही गोष्ट याहून फारशी निराळी नाही. मूत्राशय भरल्याची जाणीव होऊन झोपेतून जाग येणे ही मज्जासंस्थेच्या परिपक्वतेची बाब आहे, आणि ती सर्व मुलांत एकाच वयात येत नाही. पाच वर्षांच्या आधी तर हा दोष मानलाच जात नाही. आईबापांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, आणि दोघांनाही असेल तर सुमारे ७७ टक्के असते. चापट मारणारे वडील आपल्या आईकडे थोडी चौकशी करतील तर कदाचित त्यांचा हात आवरेल. मूल जे झोपेत करते त्यावर त्याचा ताबा नसतो. आणि ज्यावर ताबा नाही त्याबद्दल शिक्षा मिळू लागली की शिक्षा आणि स्वतःचे वागणे यांचा मेळ मुलाला लावता येत नाही. शिस्तीतून जे शिकायचे तेच नाहीसे होते आणि भीती तेवढी मागे राहते.

मग मारामुळेच मुले बिघडतात, असे बंगळूरच्या पाहणीतून सिद्ध झाले काय? नाही, आणि तसे कोणी म्हणत असेल तर ते घाईचे ठरेल. दोन गोष्टी एकत्र आढळणे निराळे आणि एकीमुळे दुसरी घडणे निराळे. मारामुळे मूल चिडखोर होत असेल, किंवा चिडखोर मूलच अधिक मार ओढवून घेत असेल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बेल यांनी १९६८ साली याच मुद्द्यावर बोट ठेवले. पालक मुलाला घडवतात हे जितके खरे, तितकेच मूलही पालकांचे वागणे घडवते हे खरे, आणि एकाच वेळी केलेल्या पाहणीत या दोन प्रवाहांची फारकत करता येत नाही.

न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दांपत्याने १९५६ साली आरंभलेला अभ्यास येथे उपयोगी पडतो. त्यांनी १३३ मुलांना तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत पाहिले. सुमारे दहापैकी एक मूल पहिल्या महिन्यांपासूनच अवघड होते: झोपेची व भुकेची वेळ नाही, नव्या गोष्टीला विरोध, रडणे मोठे. ही मुले त्यांच्या मातांनी बिघडवलेली नव्हती. त्या काळी मुलाच्या प्रत्येक दोषाचे खापर आईच्या माथी फोडण्याची जी रीत पडली होती तिला चेस यांनी १९६४ साली स्पष्ट विरोध केला. मुलाची प्रकृती आणि घराची अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, यावर पुढचे बरेच अवलंबून असते, असे या दोघांचे प्रतिपादन आहे. त्याच शहरातील पोर्तो रिकोहून आलेल्या कामगार कुटुंबांत मुलाच्या झोपेच्या अनियमितपणाची कोणी चिंता करीत नसे. शाळेची घंटा आयुष्यात आल्यावरच त्याची अडचण झाली. आपल्याकडील भरल्या घरांतही असेच घडत आले आहे. रात्री अकराला जागे असलेले मूल कोणाच्या तरी मांडीवर निजून जाते. तेच मूल दोन खोल्यांच्या घरात, सकाळी आठची बस गाठणाऱ्या आईबापांच्या हाती आले की ‘त्रासदायक’ ठरते. मूल बदललेले नसते.

येथे एक आक्षेप घेतला जातो. मारू नये, समजावून सांगावे, ही सारी पाश्चात्त्यांची शिकवण आहे. आपल्याकडे आईबापांचा मार मुले प्रेमाचाच भाग समजतात. हा आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नाही. बर्कली येथील डायना बॉमरिंड यांनी १९६०-७० च्या दशकांत पालकांचे जे प्रकार पाडले, त्यांत केवळ हुकमत चालवणारे, माया आणि शिस्त दोन्ही राखणारे आणि सारे मोकळे सोडणारे असे तीन मुख्य होते. दुसरा प्रकार मुलांना सर्वांत हितकर ठरला. पण तो अमेरिकेतील, बहुतांशी गौरवर्णीय मध्यमवर्गाच्या पाहणीतून. चिनी वंशाच्या कुटुंबांना ही चौकट लागू पडत नाही, तेथील कडक शिस्तीत मुलाविषयीची निष्ठा असते, असे रूथ चाओ यांनी १९९४ साली दाखवून दिले.

तेव्हा प्रश्न असा राहतो, की मार सर्वत्र रूढ असेल तर तो निरुपद्रवी होतो काय? जेनिफर लॅन्सफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीन, भारत, इटली, केनिया, फिलिपाइन्स व थायलंड या सहा देशांतील ३३६ माता व त्यांची मुले यांचा अभ्यास केला. तोही २००५ सालीच प्रसिद्ध झाला. जेथे मार ही नेहमीची बाब समजली जात होती तेथे त्याचा मुलांच्या आक्रमकतेशी व चिंतेशी असलेला संबंध कमी तीव्र होता, पण संबंध होता. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे अशा रीतीने अर्धे खरे ठरते. रूढीमुळे घाव बोथट होतो. तो नाहीसा होत नाही. आणि रूढी तर मोठीच आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत महाराष्ट्र व गोवा यांसह तेरा राज्यांतील १२,४४७ मुले होती, आणि दर तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक छळ सोसल्याचे तीत दिसून आले. शाळेतील मार २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने निषिद्ध झाला. घरातील मार मात्र बहुधा घरातच राहतो.

बंगळूरच्या पाहणीतील दुसऱ्या निष्कर्षाकडे, म्हणजे आईबापांच्या आजाराकडे, सामान्यतः कमी लक्ष जाते. विषण्णतेने ग्रासलेली आई मुलाला मारीलच असे नाही. ती गप्प असते. मूल हसले तर तिचा चेहरा हलत नाही, त्याच्या हुंकाराला हुंकार मिळत नाही. आणि तान्ह्या मुलाची भाषा तर याच देवाणघेवाणीतून सुरू होते. अशा आईला ‘मुलाकडे लक्ष दे’ असे बजावून काही साधत नाही. तिच्यावर उपचार करणे हेच मुलाच्या संगोपनाचे काम होय. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबूंतून राहू देण्यास सुरुवात केली होती. रुग्णाला घरापासून तोडू नये हा विचार भारतीय मनोचिकित्सेत तेव्हापासून रुजत गेला. निमहान्सने २००९ साली प्रसूतीनंतर मानसिक आजार झालेल्या स्त्रियांसाठी जो विभाग सुरू केला त्यात आईबरोबर तिचे बाळही दाखल होते आणि सोबतीला घरातील एखादी स्त्री राहते. आईची प्रकृती पाहून बाळाला पाजणे, न्हाऊ घालणे, त्याच्याशी बोलणे ही कामे हळूहळू तिच्याकडे सोपवली जातात. पहिल्या दिवसांत परिचारिका जवळ बसून असते. बाळ रडू लागले तरी ती लगेच उचलून घेत नाही. आई हात पुढे करते की नाही, याची ती थोडा वेळ वाट पाहते.