बॅटरी गेली नव्हती, वायर गेली होती

"काकू, बॅटरी गेली. सेल शॉर्ट आहे." झाकण न उघडता, मीटर न लावता, पायातल्या चपलाही न काढता दुकानातून आलेल्या माणसाने निकाल दिला. मी म्हटलं, पाणी मी स्वतः भरते, आधी सेल मोजून दाखव. तर माझ्याकडे न बघता मुलाला म्हणाला, "साहेब, तुम्ही ठरवा." मुलाची ऑफिसची मीटिंग तोंडावर होती. मानपाडा रोडवर त्या आठवड्यात दुपारची वीज जातच होती. संध्याकाळपर्यंत नवी १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी घरात आली आणि जुनी टेम्पोत चढली.

१२ ऑक्टोबर २०२०ला मुंबई-ठाण्यापासून आमच्या डोंबिवलीपर्यंत एकदम वीज गेली, तेव्हा आमचं घर त्याच जुन्या बॅटरीने चालवलं होतं. तिला मी ओळखत होते.

महिनाभरात पुन्हा तेच. वीज गेली की एक पंखा नीट फिरायचा. तिन्ही पंखे आणि टीव्ही लागला की इन्व्हर्टर चीं चीं करून बंद. दुकानात फोन केला तर म्हणे, "काकू, लोड जास्त टाकता तुम्ही." तेच पंखे, तोच टीव्ही!

शेवटी सोसायटीच्या पंपाचं काम बघणाऱ्या वायरमनदादांना बोलावलं. त्यांनी मेन स्विच बंद करून इन्व्हर्टरवर सगळा लोड टाकला आणि मल्टिमीटर बॅटरीच्या दोन खांबांवर धरला. १२ व्होल्ट. मग त्याच दोन वायरी इन्व्हर्टरमध्ये शिरतात तिथे धरला. साडेदहा. "काकू, मधले दीड व्होल्ट कुठे गेले?" असं म्हणून त्यांनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर ठेवलं आणि दुसरं त्याच लाल वायरच्या पलीकडच्या टोकाला. दीड व्होल्ट सगळा तिथेच. लगजवळ, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीजवळ, वायरला बोट लावलं तर चटका बसला. रबर मागे सारलं तर आतली तांब्याची तार काळी-हिरवी, ॲसिडने निम्मी खाल्लेली.

माझ्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट आली: ही वायर जुनीच आहे. नवी बॅटरी बसवताना त्या माणसाने हाच लग हातात धरून आवळला होता. म्हणजे जुन्या बॅटरीला काहीच झालेलं नसणार. आणि ॲसिड तिथे आलं कसं? वर्षापूर्वी त्याच दुकानाचा मुलगा सर्व्हिसिंगला येऊन फ्लोट हिरव्या खुणेच्याही वर जाईपर्यंत पाणी ओतून गेला होता. चार्जिंगला बॅटरी उकळली की जास्तीचं पाणी ॲसिड घेऊनच बाहेर येतं. मी तेव्हाही बोलले होते.

एक पंखा का चालायचा, तेही दादांनी सांगितलं. एका पंख्याला बॅटरीतून सात-आठ अँपिअर लागतात, सगळ्याला मिळून तीस-पस्तीस. वायर खराब असली की करंट वाढेल तसा व्होल्टेज तिच्यातच पडतो, आणि इन्व्हर्टरला वाटतं बॅटरी उतरली. चार्जिंगलाही तेच नुकसान: इन्व्हर्टर साडेचौदाच्या आसपास देतो, बॅटरीपर्यंत कमी पोचतं.

म्हणून "बॅटरी गेली" ऐकलंत की लोड चालू ठेवून बॅटरीचे खांब आणि वायरी इन्व्हर्टरमध्ये शिरतात ती जागा, दोन्हीकडे व्होल्टेज मोजायला लावा. चांगल्या वायरीत फरक दोन-तीन दशांश व्होल्टपेक्षा जास्त नसतो. नंतर हायड्रोमीटरने ॲसिडची घनता. पूर्ण चार्ज करून काही तास थांबल्यावर ट्युब्युलरचे सहाही सेल १२४०च्या आसपास हवेत. एखादाच सेल बाकीच्यांपेक्षा पन्नासने खाली राहत असेल तर बॅटरी खरंच गेली म्हणा. सगळे सारखेच खाली असतील तर बहुधा चार्जिंग अपुरं आहे. हे मोजून न दाखवणाऱ्याला जुनी बॅटरी देऊ नका. ती शिशाच्या वजनाने विकली जाते, म्हणून तिची इतकी घाई असते.

पाणी डिस्टिल्डच, आरओचं नाही. वरून ॲसिड कधीच नाही. टर्मिनल साफ करायचं तर इन्व्हर्टर बंद, प्लग काढलेला, बांगड्या-अंगठ्या बाजूला. आधी मायनस सोडायची, जोडताना ती शेवटी. खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, कोरडं करून व्हॅसलीन लावा, पण सोडा सेलमध्ये जाऊ देऊ नका. बॅटरीजवळ देवाचा दिवा किंवा उदबत्ती नको, चार्जिंगला हायड्रोजन सुटतो. बाकी खोलीत वारा खेळता असावा वगैरे सगळ्यांना माहीत आहेच.

दादांनी जाड तांब्याची नवी वायर, नवे लग लावले. खर्च बॅटरीच्या पुढे काहीच नाही. दोन्ही आकडे कागदावर लिहून, कापलेला तुकडा घेऊन मी दुकानात गेले. जुनी बॅटरी? "ती भंगारात गेली, काकू. आणि आता चालतंय ना?" माफीचा शब्द नाही. नव्या बॅटरीच्या वॉरंटी कार्डावर त्याने नुसता शिक्का मारून दिला होता. सीरियल नंबर आणि तारीख मी काउंटरसमोर उभी राहून त्याच्याच हाताने लिहून घेतली.