आगळाची पावडर का होत नाही?

प्रश्न : आम्ही मुरूडला दर मे महिन्यात कोकमाचं आगळ काढतो. यंदा ते परातीत उन्हात वाळवून पाहिलं, तर चिकट गोळा झाला. दुकानातली कोकम पावडर मात्र भुरभुरीत असते. ती आमसुलं दळून करतात का? आणि पाकिटावर ‘एन्कॅप्सुलेटेड’ लिहितात, पण आत कॅप्सूल कुठे असते?

उत्तर : आमसुलं दळूनही पावडर करतात, पण ती पाण्यात पूर्ण विरघळत नाही, सालीचा चोथा तळाशी बसतो. विरघळणारी पावडर रसापासूनच करावी लागते. रसातली आम्लं आणि साखर पाणी उडाल्यावरही चिक्कीच्या पाकासारखी चिकट राहतात. तुमच्या आगळात शिवाय मीठ, आणि ते किनाऱ्यावरच्या दमट हवेतून ओल ओढतं. तेव्हा तुमच्या हाताचा काही दोष नाही.

आता रस काढण्याबद्दल. मीठ किंवा साखर सालीतलं पाणी बाहेर खेचते. आच लागत नसल्याने लाल रंग चांगला उतरतो, पण ते मीठ-साखर पुढे पावडरीतही येतं. म्हणून पावडरीसाठी साली नुसत्या पाण्यात भिजवणं सोयीचं. पाण्यात रंग आणि आंबटपणा दोन्ही उतरतात. फार उकळू मात्र नये, उष्णतेने रंग मरतो. सालीतलं गार्सिनॉल हे पिवळं द्रव्य पाण्यात उतरत नाही, त्याला अल्कोहोलसारखा द्रावक लागतो. तो नंतर पूर्ण काढून टाकावा लागतो. हे काम घरच्या स्वयंपाकघराचं नव्हे.

कॅप्सूलचा गैरसमज बहुतेकांचा होतो. इथे वेष्टन असतं ते प्रत्येक कणाभोवती. रसात माल्टोडेक्स्ट्रिन हा स्टार्चपासून केलेला पदार्थ मिसळून त्याचे बारीक तुषार गरम हवेत सोडतात. थेंब काही सेकंदांत वाळतो आणि माल्टोडेक्स्ट्रिन कणाभोवती वेष्टन म्हणून राहतं. पाणी उडताना थेंब गार राहतो, त्यामुळे एवढ्या गरम हवेतही रंग बराचसा टिकतो. गोठवून निर्वातात वाळवलं तर रंग आणखी राखला जातो, पण वेळ आणि खर्च दोन्ही फार.

वेष्टन जितकं जास्त, तितकं चमच्यातलं कोकम कमी. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. माल्टोडेक्स्ट्रिन पहिलं असेल, तर त्यात कोकमापेक्षा तेच जास्त आहे. ते रक्तातली साखर झपाट्याने वाढवतं, म्हणून मधुमेह असलेल्यांनी ही यादी जरूर वाचावी. घरच्या सोलकढीला तुमचं आगळच उत्तम.