कच्चे म्हणजे फुटके नव्हे

आपल्या माळकऱ्यांच्या घरची मुले आता संगणकाची विद्या शिकतात आणि त्या विद्येच्या स्पर्धांतही उतरतात. 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन' ही स्पर्धा सन २०१७ पासून भरते. सहा विद्यार्थ्यांचा एक संघ; त्याने मोबाइलवर चालणारे ॲप किंवा तशीच काही रचना अंतिम फेरीत सलग ३६ तास बसून सिद्ध करावयाची. बक्षीस थोड्यांना, बाकीचे रिकाम्या हाताने परततात. मग मूल जेवत नाही, बोलत नाही, 'माझी सगळी मेहनत फुकट गेली' म्हणते. अशा वेळी काय करावे, असे कीर्तन आटोपल्यावर पुष्कळ जण विचारतात.

येथे नामदेवरायांचे चरित्र आठवावे. तेरला गोरोबाकाकांकडे संतमेळा जमला होता. मुक्ताबाईने थापटणे पाहून विचारले, 'काका, हे कशाचे?' काका म्हणाले, 'मडके भाजले की कच्चे, हे याने कळते.' मग काय! काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. सगळे गप्प बसले. नामदेव मात्र चिडले. निकाल झाला: हे मडके कच्चे! तोही भर संतसभेत.

नामदेव रडत पंढरीला आले. आता पाहा, प्रत्यक्ष पांडुरंग ज्याच्या हातचे जेवला, त्याचाही निकाल देवाने फिरवला नाही. 'ते चुकले, तू पक्काच आहेस,' अशी खोटी समजूतही घातली नाही. त्याने विसोबा खेचरांकडे जाण्याची वाट दाखविली. नामदेव उठले आणि औंढ्या नागनाथाला गेले. पुढे त्याच नामदेवांनी पंजाबपर्यंत नाम नेले. गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत आणि घुमानला आजही त्यांचे स्थान आहे.

यातले मर्म असे. कच्चे म्हणजे फुटके नव्हे. भाजलेले मडके फुटले तर खापरी उरते. कच्चे असेल तर माती भिजवून पुन्हा चाकावर धरता येते. परीक्षकाचा निकाल त्या दिवशीच्या मडक्यावर असतो, मातीवर नसतो.

कोणी शंका घेईल, 'बक्षीस नाही, तर श्रम वायाच की!' समाधान असे. श्रमाची फळे दोन. एक दुसऱ्याच्या हातचे, ते बक्षीस. दुसरे आपल्या ठायी राहणारे. नैयायिक त्याला भावना नावाचा संस्कार म्हणतात. क्रिया संपली तरी तो उरतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने हेच विचारले: वाटेत अडलेल्या साधकाचे काय? भगवंतांचे उत्तर असे की त्याचा नाश नाही. मागचे संचित घेऊन तो तेथूनच पुढे चालू लागतो. छत्तीस तास जागून शिकलेले हातचे कोण काढून घेणार?

मात्र 'फळाची आशा धरू नये' हे वाक्य रडत्या पोराच्या तोंडावर फेकू नये. ते कर्म करताना धरावयाचे आहे, दुसऱ्याच्या दुःखावर मारावयाचे नाही. नामदेवही आधी रडलेच ना? तेव्हा पहिल्या दिवशी त्याला पोटभर जेवू घाला, झोपू द्या. शेजारच्या मुलाचे नाव काढू नका. चार दिवसांनी सहाही जणांनी एकत्र बसावे, कोठे कच्चे राहिले ते लिहून काढावे. दोष एकाच्या माथी मारू नये. जाणत्याकडे जाऊन विचारावे, हेच आपले औंढे. आणि केलेले ॲप कोणाच्या उपयोगी पडत असेल तर ते सुधारून वापरात आणावे. पंधरा दिवस झाले तरी अन्न गोड लागत नाही, झोप नाही, जिवाचे बरेवाईट बोलतो, असे दिसले तर डॉक्टरांना दाखवावे. बरेवाईट बोलला, तर मात्र एक दिवसही थांबू नये. त्यात कमीपणा नाही.

थापटणे सर्वांनाच बसते, सज्जनहो. ते बसल्यावर पाऊल कोणीकडे वळते, एवढेच आपल्या हाती आहे. रामकृष्णहरि!