नित्याच्या सवयी व कर्करोग

कर्करोगाचें नांव आज कोणत्याहि खेड्यांत नवें राहिलेलें नाहीं. एखाद्या घरीं हा रोग शिरला म्हणजे शेजारपाजारचे लोक बहुधा दोनपैकीं एक गोष्ट बोलतात: नशिबीं होतें तें आलें; किंवा कांहींतरी पाप उभें राहिलें. या बोलण्यानें रोग्याचें दुःख हलकें होत नाहीं, व निरोगी मनुष्य सावध होत नाहीं तो नाहींच. रोगाचीं सर्व कारणें मनुष्यास कळलीं आहेत असें नाहीं. तथापि त्यांतील बरींच आपल्या रोजच्या वहिवाटींत आहेत, आणि तीं डोळ्यांस दिसतात.

मुंबईचें टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर वसंत रामजी खानोलकर व त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनीं १९४५ सालीं लोकांच्या चालीरीति व कर्करोग यांचा संबंध दाखविणारा एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत तीन उदाहरणें होतीं. बिहारकडे तंबाखू व चुना मळून खालच्या ओठाच्या आंत ठेवतात. तेथें कर्करोग त्याच खांचेंत होई. विशाखापट्टणाकडे चुट्टा ओढतांना जळतें टोंक तोंडांत धरण्याची चाल आहे. तेथें रोग टाळूस लागे. तिसरें उदाहरण तर खाण्यापिण्याचेंहि नव्हे. धोतर वर्षानुवर्षें एकाच जागीं घट्ट आवळून कातडीस घट्टे पडत, आणि कांहीं जणांस कमरेवर त्या घासाच्या जागींच कर्करोग झाला. पुढें परकराच्या घट्ट नाडीखालींहि असा रोग आढळला आहे. (हा प्रकार फार विरळा आहे, भगिनींनीं भिऊं नये, नाडी सैल बांधावी म्हणजे झालें.) तिघांचे प्रांत निराळे, परंतु जेथें सवयीचा रोज स्पर्श, तेथेंच रोगाचें घर, ही गोष्ट तिन्हीकडे सारखी होती.

आतां आपल्या घरांत पाहूं. आपल्याकडे तंबाखू तव्यावर जाळून तिची काळी मिश्री करितात, व स्त्रिया ती सकाळीं आणि पुन्हां दुपारीं हिरड्यांस लावून बसतात. आरंभ बहुतेक दाढदुखीपासून होतो. थोडें बधिर वाटतें म्हणून औषध समजून घेतलेली चिमूट मग सुटत नाहीं. ती लावल्यावांचून परसाकडेहि होत नाहीं असें बायाच सांगतात. आजीच्या डबींतून नातीच्या बोटावर ती येते, व त्यांत कोणास कांहीं वावगें वाटत नाहीं. बिडी ओढणाऱ्या मुलास आपण रागें भरतों. मिश्री लावणाऱ्या मुलीस कोणी बोलत नाहीं. आमच्या मतें हाच भेद अधिक घातक आहे, कारण तंबाखू जळून धूर झाली काय किंवा पूड झाली काय, तिच्यांतील विष तेंच. २०१६-१७ च्या सरकारी पाहणींत देशांतील प्रौढांपैकीं शेंकडा २१ हून अधिक माणसें बिनधुराची तंबाखू घेणारीं आढळलीं. धूर ओढणारे त्याहून बरेच कमी होते.

तंबाखू नको, नुसती सुपारी खातों, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २००४ सालीं नुसती सुपारीहि कर्करोगकारक ठरविली. सुपारीनें तोंडाची आंतील कातडी ताठ होत जाते, तिखट सोसेनासें होतें, आणि शेवटीं भाकरीचा घास घेण्यापुरतेंहि तोंड उघडत नाहीं. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यावर बंदी आली. परंतु सुपारीची पुडी वेगळी व तंबाखूची वेगळी घेऊन तळहातावर एक करणाऱ्यास कायदा काय करणार? दारूनें तोंड, घसा, अन्ननलिका व यकृत यांस कर्करोग होतो, आणि तंबाखूच्या जोडीनें धोका कित्येक पटींनीं वाढतो.

अन्नाविषयीं एक गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. ओलसर जागीं ठेवलेल्या भुईमुगाच्या शेंगांस व मक्यास बुरशी येते, आणि तिच्या एका जातीचें विष यकृताच्या कर्करोगास कारण होतें. भाजल्यानें किंवा शिजविल्यानें तें पुरतें नाहींसें होत नाहीं. चांगल्या शेंगा बाजारीं धाडून काळपट, सुरकुतलेले दाणे घरच्या चटणीस ठेवणें ही काटकसर महाग पडणारी आहे. असले दाणे जनावरांसहि घालूं नयेत. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी व डाळ हें आपलें जुनें जेवण आंतड्यांस हितकर आहे. अंगमेहनत सुटून शरीर स्थूल झालें तर कांहीं प्रकारच्या कर्करोगांचा धोका वाढतो, हेंहि आतां सिद्ध आहे. अमुक काढा अथवा तमुक पाला घेतल्यानें कर्करोग होतच नाहीं असें सांगणारा मात्र आपली पिशवी विकावयास आला आहे असें समजावें.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें शेंकडा ३० ते ५० कर्करोग टाळतां येण्यासारखे आहेत. म्हणजे उरलेले पुष्कळ रोगी असे कीं ज्यांनीं कांहींच केलें नाहीं. लहान लेंकरांस रक्ताचा कर्करोग होतो; त्यांनीं कोणती चंची उघडली होती? म्हणून रोग्याच्या खाटेजवळ बसून त्याच्या सवयींची चौकशी करूं नये. ती चौकशी आपण आपल्या घरीं करावी.

तोंडांत न पुसला जाणारा पांढरा किंवा तांबडा चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, अथवा तोंड कमी उघडूं लागणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास दुखण्याची वाट न पाहतां प्राथमिक आरोग्य केंद्रांत दाखवावें; प्रथम तें बहुधा दुखत नाहीं. तंबाखू सोडल्यावर पुष्कळांचा पांढरा चट्टा कमी होतो. केरळांत तिरुवनंतपुरमजवळ कार्यकर्त्यांनीं घरोघर जाऊन उजेडांत लोकांचीं तोंडें तपासलीं व संशय आला त्यांस रुग्णालयांत धाडलें. २००५ सालीं त्याचा निकाल छापून आला: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्यें तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें घटले होते. तोंडें पाहणारे हे लोक डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेले साधे पदवीधर होते.