परड चावली तर ब्लेड लावू नका

सोयाबीनची सवंगणी सुरू झाली की वर्धा जिल्ह्यातल्या दवाखान्यांत दोन तऱ्हेचे पेशंट वाढतात: विळ्याने बोट कापलेले आणि साप चावलेले.

विळ्याची जखम बहुतेक वेळा शरीरच निस्तरते. कापलेली रक्तवाहिनी आधी आकसते, मग प्लेटलेट्स तिथे चिकटून छिद्र बुजवतात. तेवढ्यात यकृताने तयार केलेले गोठण-घटक एकामागून एक कामाला लागतात आणि फायब्रिनोजेन या प्रथिनाचे धागे होऊन गुठळी पक्की होते. तुम्ही स्वच्छ कापडाने दहा मिनिटे नुसते दाबून धरा. थांबलं का, म्हणून सारखं कापड उचलून पाहू नका. कोवळी गुठळी सुटते. आणि जखमेत तंबाखू, चुना कृपा करून भरू नका.

घोणस, म्हणजे आपली परड, चावली की सगळं उलटं होतं. तिचं विष दहाव्या आणि पाचव्या गोठण-घटकाला रक्तभर, कारण नसताना चेतवतं. फायब्रिनोजेन वाया जातं आणि खऱ्या जखमेसाठी काही उरत नाही. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं. अशा माणसाच्या पायाला ब्लेडने चिरा मारणं म्हणजे न थांबणारी जखम करणं. करकचून दोरीही बांधू नका. पाय न हलवता १०८ बोलवा. (मौज अशी की हेच विष खूप पातळ करून मॅकफार्लेन या डॉक्टरांनी १९३० च्या दशकात हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, पेशंटच्या जखमांवर लावलं, रक्त थांबवण्यासाठी!)

सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय असो की तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, चावा घेतलेल्याचं रक्त गोठतं का, हे पाहायला महागडं यंत्र लागत नाही. शिरेतलं दोन मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत न हलवता २० मिनिटे ठेवायचं, मग नळी कलती करायची. रक्त वाहिलं तर प्रतिसर्पविष सुरू. नळी काचेचीच हवी. प्लास्टिकच्या नळीत निरोगी रक्तही वेळेत गोठेलच असं नाही.

रक्त गोठलं म्हणून घरी पळू नका. नाग-मण्याराचं विष नसांवर जातं, ते या नळीत दिसत नाही. परडीचा परिणामही उशिरा होऊ शकतो. २४ तास दवाखान्यातच राहा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा.

"इंजेक्शन तं झालं, मंग पुन्हा रक्त काहून काढता?" असं नातेवाईक विचारतात. प्रतिसर्पविष विषाला रोखतं, पण संपलेलं फायब्रिनोजेन यकृतालाच नव्याने बनवावं लागतं. त्याला काही तास लागतात, म्हणून सहा तासांनी पुन्हा तीच नळी.